लेडीसाहेबांचा कनवाळूपणा

आमच्या सेम्बावांगच्या कॉन्डोत वरच्या मजल्यावरच्या बाई जॉर्जियन काळातल्या लंडनमधल्या एका उमरावपत्नीवर कादंबरी लिहीत होत्या. रविवारी चहाला बोलवायच्या आणि प्रकरणं वाचून दाखवायच्या. दर वाक्यानंतर मान तिरकी करून दादेसाठी थांबायच्या. एका प्रकरणात त्यांच्या लेडीनं तापानं फणफणलेल्या दासीला स्वतःच्या पलंगावर निजवलं. वाचताना बाईंना गहिवरून आलं. मागे त्यांची इंडोनेशियन हेल्पर अंगात ताप घेऊन ट्रे धरून उभी होती. कपबशा वाजत होत्या.

"नो नॉइज, प्लीज!" बाई तिच्याकडे न बघताच म्हणाल्या.

मी उठून तिला माझी खुर्ची दिली.

"अहो, बसवू नका तिला. सवय लागेल."

मी ट्रे घेतला, बाईंच्या पानांवर ठेवला आणि पोरीला डॉक्टरकडे घेऊन गेले.