व्हर्लीनच्या ब्युइकचा हप्ता

केसलर गावात तीन वर्षं एकच गोष्ट कुजबुजली जात होती. व्हर्लीन श्टोल्त्स पीच ब्रँडीची अख्खी बाटली रिचवून गाडीत बसली, आणि म्हणून तिची ब्युइक पोस्टासमोरच्या झेंड्याच्या खांबावर जाऊन आदळली. बाटली कुणीच पाहिली नव्हती, पण ब्रँडी पीचचीच होती यावर गावात दुमत नव्हतं. एवढा बारीक तपशील ग्लेंडाने पुरवला होता. ग्लेंडा म्हणजे व्हर्लीनची पूर्वाश्रमीची नणंद. पेट्रोलपंपाला लागून तिचं दुकान आणि दुकानात सकाळी सहापासून फुकट कॉफी. कॉफी फुकट मिळत असताना बातमीवर शंका कोण काढणार?

व्हर्लीन अठ्ठावन्न वर्षांची, अठ्ठावीस मैलांवरच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकीण. दर गुरुवारी ती चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा करायची आणि सोबत दालचिनीचे रोल. तिथले म्हातारे तेवढ्यासाठी आठवडाभर मरण पुढे ढकलतात, असं तीच सांगायची. नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात बस नाही, त्यामुळे गाडी गेली की नोकरी गेली. खांबाच्या प्रकरणानंतर सरकारने तिच्यामागे एसआर-बावीस लावलं. म्हणजे या बाईचा विमा चालू आहे अशी हमी विमा कंपनीने सरकारदरबारी द्यायची, आणि ‘जोखमीची ड्रायव्हर’ म्हणून व्हर्लीनने दुप्पट हप्ता भरायचा. तीन वर्षं. मध्ये एक दिवस खंड पडला तरी लायसन्स गेलंच.

तीन वर्षं मार्चमध्ये संपली. एप्रिलचं बिल आलं, दोनशे चौदा डॉलर. मेचंही तेवढंच. जूनमध्ये तिने ते पाकीट उघडायच्या आधीच टेबलावर आपटलं.

मग तिने एकेका विमा कंपनीला फोन लावायला सुरुवात केली. अर्धा अर्धा तास कानात बासरी वाजायची आणि मग कुणी पोरगी गोड आवाजात विचारायची, “मॅडम, तुमच्या नावावर एसआर-बावीस आहे का?”

“होतं. संपलं.”

“आमच्याकडे अजून चालूच दिसतंय. तुमच्या एजंटला विचाराल का?”

आता इथे खरी मेख होती. एजंट रॉली केटरमन हा तिचा शाळेतला वर्गमित्र. नाताळात तो घरोघरी कॅलेंडर वाटतो आणि चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसतो. मक्याबद्दल, पावसाबद्दल, स्वतःच्या गुडघ्यांबद्दल तो दर रविवारी मोकळेपणाने बोलायचा. पण विम्याबद्दल अवाक्षर नाही. आणि व्हर्लीनने विचारावं कसं? केसलरमध्ये माणसाला त्याच्या कामाची आठवण करून देणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला आळशी म्हणणं. आज तोच विषय काढेल, उद्या काढेल म्हणत तिने आणखी दोन हप्ते भरले.

ऑगस्टमध्ये ब्युइकचे टायर गुळगुळीत झाले. टायर घ्यावेत तर हप्ता राहतो, हप्ता भरावा तर टायर राहतात. गाडी विकायची पाटी तिने लिहून ठेवली. ही खबर ग्लेंडाला लागायला दुपार उजाडावी लागली नाही.

“एक तारखेपासून माझ्याकडेच ये ना, व्हर्लीन,” कॉफीवाल्यांच्या देखत ग्लेंडा म्हणाली. “हॉटडॉगचं मशीन पुसायला माणूस हवाच आहे. चालत येशील. तुझं चालतच बरं, काय?”

कॉफीवाले कपात हसले. ग्लेंडाने काउंटरखालून एप्रन काढला. त्यावर व्हर्लीनचं नाव आधीच शिवलेलं होतं.

व्हर्लीन तिथून निघाली ती तडक रॉलीच्या ऑफिसात.

“माझं एसआर-बावीस मार्चमध्ये संपलं, हे तुला माहीत आहे का?”

“आहे की,” रॉली म्हणाला. “चौदा मार्च.”

“मग?”

“ते काढायला तुझी सही लागते. आपोआप निघत नाही.”

“मग सांगितलं का नाहीस, बाबा?”

रॉलीचे कान लाल झाले. “चर्चमध्ये सांगू? पास्टरची बायको शेजारी बसलेली असते. म्हटलं, नाजूक विषय आहे, तू काढशील तेव्हा बघू.”

“मी म्हणत होते, तू काढशील!”

“असं होय,” रॉली म्हणाला. “म्हणजे आपण दोघंही सभ्यपणे वागलो.”

“आग लागो तुझ्या सभ्यपणाला! पाच महिने दुप्पट भरलेत मी. परत मिळतील?”

“नाही.”

तिने खुर्ची इतक्या जोरात ओढली की भिंतीवरचं कॅलेंडर हाललं. रॉलीने मुकाट्याने कागद काढले. हमी काढून टाकायचा अर्ज झाला, मग दुसऱ्या कंपनीचा. नवा हप्ता निघाला एकशे अठरा. स्वस्त म्हणावा असा नव्हताच, अपघाताची नोंद आणखी दोन वर्षं अंगावर राहणार होती. पण त्यात टायर बसत होते. एक तारखेला ती गुरुवारच्या रोलचं पीठ मळायला वृद्धाश्रमातच जाणार होती.

नव्या अर्जात एक रकाना होता: एसआर-बावीस लागण्याचं कारण. रॉलीने तिला न विचारताच तो भरला. व्हर्लीनने वाचलं आणि मान वर केली.

“हे सगळं तुला ठाऊक होतं?”

“कागद माझ्याकडेच आहेत.”

“आणि ग्लेंडाकडे रोज कॉफी ढोसतोस. एका शब्दाने बोलला नाहीस?”

“गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर बोलायची नसते, व्हर्लीन.”

तिने सही अशी केली की पेनाच्या टोकाने कागद फाटला. रॉलीला सगळा अर्ज पुन्हा भरावा लागला.

रकान्यात लिहिलं होतं ते एवढंच. रस्त्यावर बर्फ होतं, गाडी घसरली. चालकाने मद्य घेतलेलं नव्हतं. घटस्फोटानंतर पत्ता बदलला होता. विमा बंद पडत असल्याची सूचना जुन्या घरी, नवऱ्याकडे गेली, ती तिला मिळाली नाही. अपघात झाला तेव्हा विमा बंद पडून नऊ दिवस झाले होते.