पेटी उघडायच्या आधी

चुंबकताई अकरा वर्षं एकाच कणाच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. कण चांगला जडशीळ, पण जन्मला म्हणेपर्यंत फुटणारा. त्याचे तुकडे अजस्र चुंबकात किती वळतात, यावरून त्याचं वजन काढायचं. चुंबकाचा जोर मोजायचं काम ताईंचं. तिथे केसाएवढी चूक झाली तरी सगळं मुसळ केरात.

दुसरी एक तुकडी तेच वजन चुंबकाविना, वेगळ्या रीतीने काढत होती. मनाजोगतं उत्तर यावं म्हणून कुणी हिशेब वाकवू नये, यासाठी संगणकाने दोघांच्या उत्तरांत एकेक गुप्त आकडा मिसळून ठेवला होता. तो काढून टाकणं म्हणजे ‘पेटी उघडणं’. पेटी उघडली की स्वल्पविरामही बदलायचा नाही. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत, तर ताईंची अकरा वर्षं पाण्यात!

पेटी उघडायच्या सकाळी सभागृहाबाहेर जुने फोटो लावले होते. एकात ताई नुकत्याच बसवलेल्या चुंबकमापकाशेजारी ऐटीत उभ्या होत्या. कौतुकाने बघता बघता त्या एकदम फोटोवर वाकल्या. मापकाची वायर डावीकडून निघत होती, हवी होती उजवीकडून. त्यांनी स्वतःच तो उलटा बसवला होता! म्हणजे मापकाच्या आकड्यातून जी छोटी दुरुस्ती वजा व्हायची, ती इतकी वर्षं मिळवली जात होती.

ताई धावतच आत शिरल्या. “थांबा! उघडू नका! माझं चुकलंय!”

प्रयोगाच्या प्रमुखांनी कपाळाला हात लावला. “अहो ताई, हत्ती गेला आणि शेपटाला धरून बसताय? एवढ्याशाने काय होतंय?”

“ते उघडल्यावरच कळेल, आणि तेव्हा हात बांधलेले असतील!”

सहा आठवडे सगळा हिशेब नव्याने झाला. तरुण मंडळी ताईंशी धड बोलत नव्हती, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

शेवटी पेटी उघडली. पडद्यावर आधी दुसऱ्या तुकडीचा आकडा आला, मग ताईंच्या तुकडीचा. शेवटचा अंक सोडला तर अगदी सारखे! खुर्च्या पडल्या, कुणी शिट्ट्या मारल्या, ताईंना तर हसावं की रडावं कळेना.

प्रमुखांनी जुना हिशेबही चालवून पाहिला. त्यातून आलेलं उत्तर आणि दुसऱ्या तुकडीचं उत्तर, दोन्ही एकमेकांचं तोंडही बघत नव्हती.

“ताई,” ते सगळ्यांसमोर म्हणाले, “चूक पकडणारीचं नाव शोधनिबंधात सगळ्यात वर घालतो.”

“चूक करणारीचंही घाला,” ताई डोळे पुसत म्हणाल्या. “एकाच नावात भागेल.”