ताईच्या फोटोतले डोळे

लेन्स उलटी लावली की ती अगदी जवळचं बघायला लागते, हे मला अफझलगंजच्या एका स्टुडिओवाल्या चाचांनी शिकवलं. तेव्हा गल्लोगल्ली रंगीत फोटोंची मशीनं लागत होती. सकाळी रोल द्यायचा, दुपारी फोटो घ्यायचे. चाचांच्या काळ्यापांढऱ्या दुकानाकडे कुणी फिरकत नव्हतं. दुकान आवरायला काढलं तेव्हा त्यांनी एक जुनी पितळी लेन्स माझ्या हातावर ठेवली.

"लेके जाओ बेटी. नवे लेन्सां चाकू के सरीके हैं. ये पूरी खोले तो चेहरा नरम आता."

मी कुकटपल्लीला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. वय एकतीस, लग्न झालेलं नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलेलं मला खपत नसे. रविवार माझा असायचा. सेकंडहँड रशियन कॅमेऱ्यापुढे पुठ्ठ्याची नळी, आतून काळा कागद, वरून चिकटपट्टी आणि टोकाला ती लेन्स उलटी. असं ध्यान घेऊन मी मलकपेठेतल्या आमच्या गच्चीवर कुंडीतल्या गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, पानांवर वाकलेली असायचे. माशीचा पंख, साबणाचा फेस, बिदरी डबीवरचा ओरखडा. इतकं जवळ गेलं की ओळखीची वस्तू ओळखीची राहत नाही, याची मला चटकच लागली होती. नुसता श्वास घेतला तरी फोकस जायचा.

"तुला एक क्षण स्थिर बसवत नाही आणि फोटो काढतेस!" आई म्हणायची. "ताई बघ कशी बसलीय."

ताई म्हणजे भिंतीवरच्या फोटोतली माझी मोठी बहीण. ती तिसऱ्या वर्षीच गेली. आई माझ्या वेळच्या बाळंतपणाला परभणीला माहेरी गेली, तेव्हा ताई इथेच वडिलांपाशी आणि आत्यापाशी राहिली होती. मी जन्मले त्याच आठवड्यात ताप येऊन ती गेली. बाळंतिणीला वाईट बातमी सांगत नाहीत, दूध आटतं म्हणतात. म्हणून सव्वा महिना सगळे आईला "ताई मजेत आहे" असंच सांगत राहिले. मग वडील परभणीला गेले ते हा फोटो घेऊनच. ताप येण्याआधी काढला, म्हणाले. पोर जराही हलली नाही, टक लावून बघत होती.

खुर्चीत लोडाला टेकलेली, काळेभोर डोळे सरळ समोर. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात गेले तरी ती माझ्याकडेच बघायची. मार्क कमी पडले, दूध उतू गेलं, की आई त्या फोटोकडे बोट दाखवायची. मला ती आवडत नव्हती. मेलेल्या पोरीचा हेवा करायची लाज वाटायची, तरी मी करायचे.

वडील गेल्यावर काही वर्षांनी आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशन ठरलं. आई म्हणाली, "पट्टी सुटली की आधी तिला बघायचंय. चेहरा मोठा करून दे."

निगेटिव्ह केव्हाच हरवली होती. फोटोचाच फोटो काढायचा होता, आणि ते तर माझ्या हातचं काम होतं. सकाळच्या उजेडात मी तो फ्रेममधून काढला, लेन्सचं तोंड बारीक केलं आणि नळी जवळ नेली. गाल आला, केस आले, मग डोळा आला. पण तिथे डोळा नव्हता, ब्रशचे फटकारे होते. काळ्या रंगाचे दोन, पांढऱ्याचा एक ठिपका. रंगाखाली मिटलेल्या पापणीची रेघ होती, आणि खऱ्या पापण्यांचे केस खाली गालावर टेकले होते.

मी फोटो पिशवीत घालून तडक अफझलगंजला चाचांचं घर गाठलं. चाचांनी तो भिंगाखाली धरला.

"आँखां बाद में बनाए," ते हळूच म्हणाले. "पहले ऐसाच करते थे बेटी. बच्चा गुजर गया, एक भी फोटो नहीं, तो घरवाले बुलाते थे. माँ को दिखाना रहता ना."

म्हणून ती हलली नव्हती. येताना मी रिक्षात रडले. वडिलांचा भयंकर राग आला. मग रंगाऱ्यासमोर बसून "डोळे उघडे काढा" असं सांगणारे वडील दिसायला लागले. माझ्या जन्माची तार त्याच दिवसांत त्यांच्या हातात पडली असणार. राग काही टिकला नाही.

आईला सांगायचं माझं धाडस झालं नाही. मी लेन्स पूर्ण उघडली, फोटो जरा कलता धरला आणि फोकस ओठांवर ठेवला. डोळे विरघळले, ब्रशच्या खुणा गेल्या, दोन ओलसर सावल्या उरल्या. वडिलांनी जे रंगानं केलं तेच मी काचेनं करत होते. त्या रात्रंदिवस बघणाऱ्या पोरीची मला पहिल्यांदा दया आली.

पट्टी सुटल्यावर आईनं माझा मोठा फोटो खिडकीपाशी नेला.

"हे काय केलंस? डोळे पुसट कशाला केलेस?"

"जुनी लेन्स आहे. तसंच येतं."

"तिचे डोळे घारे होते," आई म्हणाली. "मांजरीसारखे. रंगाऱ्याला ते सांगायचं राहून गेलं असणार. डोळे रंगवलेत हे मला परभणीलाच कळलं होतं. पण हे इतक्या आशेनं माझ्या तोंडाकडे बघत होते, मी म्हटलं, किती छान आलाय. नंतर जन्मभर तेच म्हणत राहिले."

तिनं फोटो माझ्याकडे वळवला.

"डोळे सोडून बाकी सगळं तिचंच आहे, म्हणून मोठं करून मागितलं होतं. आता तू तरी माझ्याशी खोटं बोलू नकोस. रंगाखाली काय दिसलं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. मिटलेली पापणी, तिची रेघ, गालावर टेकलेले केस. आईनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

"पापण्या लांब होत्या ना गं?"

"हो," मी म्हणाले. "खूप लांब होत्या."