बांधावरचं वारूळ

आमच्या घरात पहिली पदवी माझी. बीएस्सी, वनस्पतिशास्त्र. मांडवगणहून दौंडला एसटीत उभ्याउभ्या जाऊन मिळवली, म्हणून ती सांगताना मी आवाज बारीक करत नाही. पण शिकण्याच्या त्याच नादात मी आमच्या बांधावरचं वारूळ जवळजवळ मारलं, तेही सांगायला हवं.

पावसाळ्यात त्या वारुळावर अळंबी यायची. आधी बोथट टोकं, मग दोन दिवसांत छत्र्या. आई ती हातानं मोडायची. लोखंड लावायचं नाही आणि उमललेल्या छत्र्या तोडायच्या नाहीत, हे तिचे नियम. का, म्हणून विचारलं की एकच उत्तर, "माझी आई तोडत नव्हती."

दुसऱ्या वर्षाला सरांनी अळंबीचा नमुना आणायला सांगितला. मी टिकाव घेतला.

"अगं, लोखंड न्हाई चालत तिथं!" आई ओरडली.

"आई, ही अंधश्रद्धा हाय."

देठ हातभर खाली गेला होता. शेवटी एक करडा, स्पंजासारखा गड्डा लागला. त्यावर बारीक पांढरे मणी आणि वाळवीची नुसती धावपळ. मी हरखले. अख्खा गड्डा डब्यात भरला.

सर खूश झाले. म्हणाले, ही वाळवीची शेती. ती वाळका पालापाचोळा आणते, त्यावर बुरशी पिकवते आणि तीच खाते. आपण तोडतो ते फक्त फळ; ते उमललं की त्यातून बीजाणू सांडतात. जगातल्या बहुतेक बुरश्यांना अजून नावसुद्धा नाही. वाघाची, पक्ष्यांची काळजी कधीच सुरू झाली; बुरशीही संपू शकते हे लोकांच्या फार उशिरा ध्यानात आलं. मी भराभर लिहून घेत होते. मग त्यांनी डबा डोळ्यांपुढे धरला.

"सगळाच आणलास? मागं काय ठेवलंस?"

मी वही मिटली.

पुढच्या पावसाळ्यात वारुळावर काहीच आलं नाही. आई रोज बघून यायची. "काय बाई, डिग्री उगवली का तिथं?"

दादानं तर बांध सरळ करायला जेसीबीच बोलावला. उसाची एक सरी वाढली असती. मी वारुळापुढं उभी राहिले. ड्रायव्हर बिहारचा. त्याला हिंदीत वाळवीची शेती समजावून सांगितली. तो दादाकडं बघून हसला. तेव्हा मी म्हणाले, "अंदर नाग है. बहुत बड़ा."

त्यानं मशीन गपकन मागं घेतलं. आईनं तोंडाला पदर लावला.

"शिकून हे शिकलीस व्हय?" दादा म्हणाला. "एक पावसाळा थांबतो. न्हाई उगवलं तर सपाट."

यंदा श्रावणात आईनं मला हाक मारली. मी खणलं होतं त्याच्या पलीकडच्या अंगाला पाच टोकं वर आली होती. मी वाकले तशी ती म्हणाली, "हात दाव." मी दोन्ही रिकामे हात दाखवले.

"यंदा एकबी न्हाई तोडायचं. सगळी उमलू दे."

आम्ही बांधावर बसलो. टोकांकडं बघत तिनं विचारलं, "पर वाळवीला ही शेती शिकवली कुणी गं?"

"अजून एवढं न्हाई शिकले मी, आई."

"मग शीक की," ती म्हणाली. "टिकाव ठेवून."