गगन-चौकीत कुणी मरत नसे

इथले भुताखेतांचे बहुतेक अनुभव मी आजवर चहासोबत फरसाण खावं तसे वाचले. करमणूक म्हणून. माझं सगळं आयुष्य लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये गेलं आहे. प्रत्येक सोसायटीत एक तरी काका भेटतात, "अहो, ही आपोआप चौथ्या मजल्यावर थांबते, तिथे त्या वहिनी गेल्या ना..." असं कुजबुजणारे. मी दाराचा सेन्सर पुसतो आणि लिफ्ट गप चालायला लागते. काकांना ते आवडत नाही, पण माझं काम झालेलं असतं. भूत, आत्मा, संकेत या सगळ्याबद्दल माझं मत एवढंच होतं, की कुठेतरी धूळ बसली असणार.

आता जे लिहितोय त्यात मला धूळ कुठे सापडलेली नाही. शोधायची राहिलीय असं मात्र नाही.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझी आई, वय अठ्ठ्याहत्तर, डोंबिवलीला माझ्याकडेच राहायची. तिला स्ट्रोक आला. आधी उजवी बाजू गेली, मग बोलणं गेलं आणि मग छातीत इन्फेक्शन झालं. ठाण्याला नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये हलवलं. नाव देत नाही, त्यांची काही चूक नाही. दुसऱ्या मजल्यावरचा आयसीयू, खिडकीजवळचा शेवटचा बेड. तोंडावर ऑक्सिजनचा घट्ट मास्क, डोळे मिटलेले. हाक मारली तर कधी कपाळावर आठी पडायची, कधी तीही नाही.

डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "त्यांच्याशी बोलत राहा. किती पोचतं ते आम्हालाही सांगता येत नाही, पण बोला."

बोलणार किती? पहिल्या काही दिवसांत सगळं सांगून झालं. नातीची परीक्षा, शेजाऱ्यांचं भांडण, पाणी आलं, पाणी गेलं. भजनं लावली, आठीसुद्धा हलली नाही. मग एका दुपारी, काही सुचेना म्हणून मोबाईलवर चाळता चाळता मला 'गगन-चौकी' सापडली.

तुमच्यातल्या माझ्या वयाच्यांना कदाचित आठवत असेल. रविवारी सकाळी लागायची. अंतराळातली एक चौकी, तिचे पिकल्या दाढीचे कप्तानसाहेब आणि गिनती नावाचा रोबो. कुणीतरी जुन्या टेपवरून सगळे भाग नेटवर चढवले होते. चित्रावरून पांढऱ्या रेघा धावत होत्या. थर्माकोलच्या भिंती, आणि आपोआप सरकणाऱ्या दारामागे ते ओढणाऱ्या माणसाची बोटं स्पष्ट दिसत होती. लहानपणी ती बोटं दिसली कशी नाहीत, देव जाणे.

पण खरी गंमत वेगळीच होती. मालिका हिंदी. आम्ही मराठी शाळेतली पोरं, हिंदी म्हणजे पाठ्यपुस्तकातली एक कविता. आईचं बालपण मात्र रेल्वे क्वार्टर्समध्ये, इटारसीला गेलेलं, त्यामुळे तिला हिंदी फर्डं यायचं. डोंबिवलीच्या आमच्या एका खोलीत टीव्हीसमोर मी, माझी मोठी बहीण आणि मजल्यावरची निम्मी पोरं बसायची. आई मागे, डावीकडे ओट्याशी, पोळ्या लाटता लाटता भाषांतर करायची. "ते म्हणतायत, इंजिन गरम झालंय. आता तो म्हणतोय, पाणी मारा." गिनतीचा आवाज वेगळा काढायची. टीव्हीतल्या आवाजाकडे आमचं लक्षच नसायचं. आमची 'गगन-चौकी' मराठीत होती आणि तिचा आवाज मागून यायचा.

आता, इतक्या वर्षांनी हिंदी समजत असताना बघायला लागलो आणि हबकलो. या मालिकेत माणसं मरतात! जवळजवळ प्रत्येक भागात एक. तो हसरा रेडिओवाला मरतो, डॉक्टरीणबाई मरतात, झाडं लावणारे आजोबा मरतात. मला हे माहीतच नव्हतं. कारण आईच्या भाषांतरात कुणी मरायचंच नाही. ते गावाला जायचे. "तो झोपलाय का गं आई?" विचारलं की ओट्यावरून उत्तर, "थकलाय तो. आता गावाला जाईल." शाळेत यावरून माझी एका मुलाशी मारामारी झालेली. तो म्हणे, रेडिओवाला खल्लास. मी म्हणे, गावाला गेलाय, तुला हिंदी कळत नाही.

आईचं तसंच होतं. शेजारच्या मालवणी मावशी उठता बसता प्रत्येक पोराला "मेल्या" म्हणायच्या, आईच्या तोंडून तो शब्द शिवी म्हणूनही कधी आला नाही. बाबा गेले तेव्हा तिने नातेवाईकांना फोन केले, त्यातही "हे नाहीत आता" एवढंच म्हणाली.

तर मी रोज दुपारी आयसीयूत भेटायच्या वेळी एक भाग लावायला लागलो. सिस्टर म्हणाल्या, "आवाज कमी ठेवा फक्त." मी मोबाईल उशीजवळ धरायचो आणि वाकून आईला मराठीत सांगायचो. उलटा कारभार. तिला हिंदी माझ्यापेक्षा चांगलं येतं हे माहीत असूनही सांगायचो. रेडिओवाला मेला त्या दिवशी माझी जीभ अडखळली. मीही म्हणालो, "आई, तो थकलाय. गावाला जाईल आता." आणि तिच्या कपाळावर आठी पडली. डॉक्टर म्हणाले, त्यातून फार अर्थ काढू नका. मी काढला. मी त्या आठीवर कितीतरी दिवस काढले.

मग एका सकाळी डॉक्टरांनी मला आणि ताईला बसवलं. ताई टिटवाळ्याला असते, गुडघ्यांनी बेजार, तरी आलेली.

"मास्कवर आता भागत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा का, ते तुम्ही ठरवा. एकदा घातली की काढणं अवघड असतं. आणि खरं सांगतो, त्याने त्या पुन्हा उठून बसतील असं मी म्हणणार नाही. नाही घातली तर मास्कवरच ठेवू, त्रास होऊ देणार नाही. उद्या सकाळपर्यंत सांगा."

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "घालायची. त्यात विचारायचं काय?"

"ताई, तिला किती त्रास होईल..."

"तुला कोणी सांगितलं तिला काय हवंय? तिने सांगितलं?"

नव्हतंच सांगितलं. तेच तर होतं. आई आयुष्यभर या विषयावर बोललीच नाही. माझी सख्खी मावशी शेवटच्या आजारात असताना मी एकदा विषय काढलेला तर म्हणाली, "भाजी निवड." आता तिला विचारणार कसं? ताई चिडून निघून गेली. मी जिन्यात बसलो आणि, लाज वाटते लिहायला, हमसून हमसून रडलो. मोठा माणूस, कंबरेला टूलकिट. देवाला कधी हात जोडले नाहीत, त्या दिवशी जोडले. म्हटलं, तिला एक वाक्य बोलू दे. हो किंवा नाही. मला एकट्याला हे ठरवायला लावू नको.

दुपारी आत गेलो. मालिकेचा शेवटचा भाग उरला होता. हा आम्ही लहानपणी पाहिलेला नव्हता, त्या रविवारी लाईट गेलेली.

चौकी मोडकळीला आलेली. सगळे छोट्या यानात बसून निघतात आणि कप्तान मागे राहतात. दार ओढणाऱ्याची बोटं दिसली. मी आईच्या कानाशी सांगत होतो, "ते सगळ्यांना जायला सांगतायत..." आणि कप्तान खुर्चीत बसून पडद्यावर काहीतरी बोलायला लागले तेव्हा मी सांगायचं थांबलो. पुढे काय होणार ते कळत होतं.

तेव्हा मागून आवाज आला. डावीकडून.

"ते म्हणतायत, नळी नको आता. पुरे."

आईचा आवाज. बेडवरच्या आईचा नाही. पोळ्या लाटणाऱ्या आईचा, तिशी-पस्तिशीतल्या. घाईघाईचा, अर्धं लक्ष तव्याकडे असावं तसा. मी वळलो नाही. लहानपणी वळायचो नाही, तसाच. डोळे मोबाईलवर. कप्तानांनी मान मागे टेकवली. आणि आवाज म्हणाला,

"ते मरणार आहेत, संजू. गावाला नाही जाणार. मरणार आहेत. होऊ दे."

मग मी वळलो. मागे डाव्या हाताला भिंत होती आणि हात धुवायचं बेसिन. नळ बंद. सिस्टर पलीकडच्या पेशंटच्या सलाईनला हात लावून उभ्या होत्या. मी विचारलं, "तुम्ही काही बोललात?" त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे बघून खुर्ची पुढे केली. मी बहुतेक पांढरा पडलो होतो. आई तशीच, डोळे मिटलेले, आठीसुद्धा नाही.

माझ्यातला मेकॅनिक गप्प बसला नाही. तिथेच तो भाग पुन्हा लावला. कप्तान हिंदीत म्हणतात, दार लावून घ्या, उजेड आत येतोय. बस्स. नळीचा विषयच नाही, पुरे वगैरे काही नाही. मराठी आवाज तर नाहीच. दुसरा मोबाईल कुठे चालू होता का, टीव्ही होता का, बाहेर कुणी बोलत होतं का, सगळं पाहिलं. वॉर्डात संजू नावाचं दुसरं कुणी नव्हतं. झोप झालेली नव्हती, हे मान्य. उपाशी होतो, तेही मान्य. पण आयुष्यात ज्या बाईने तो शब्द उच्चारला नाही, तिच्या तोंडी मी तो का घालीन? घालायचाच असता तर मला "गावाला" हाच शब्द ऐकू यायला हवा होता. माझ्या डोक्यात तोच होता.

संध्याकाळी बाईकवरून परतताना शीळफाट्याला अडकलो. चहूकडून ट्रेलर, हॉर्न, धूर. तिथेच बाजूला घेऊन ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तुला नकोय नळी, तर तसं म्हण. आईचा आवाज काढू नकोस."

"ताई, शपथ..."

"तू तिच्याजवळ असतोस, तू ठरव. पण माझ्याशी हे बोलू नको."

सकाळी मी डॉक्टरांना नाही म्हणालो. त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. शेवटच्या दुपारी मी तिचा हात धरून होतो. त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि मी ते मानलं, कारण दुसरं काय करणार.

ताई दिवसांना आली, सगळं केलं, आल्यागेल्याचं पाहिलं. माझ्याशी मात्र जे बोलायचं ते माझ्या बायकोमार्फत. "त्याला म्हणावं, भटजींना चहा दे." बास, एवढंच.

मी तो भाग त्यानंतर किती वेळा पाहिला ते विचारू नका. जेवताना, कामावर मशीन रूममध्ये बसून, उशीजवळ मोबाईल धरून, मागे डावीकडे भिंत येईल असा बसून. एकदा बायको ओट्याशी पोळ्या करत असताना लावला आणि तिला म्हटलं, तू बोलू नकोस, फक्त लाट. तिने लाटणं खाली ठेवलं आणि रडायला लागली. तेव्हापासून घरी लावत नाही. गाडीत लावतो. फक्त हिंदी येतं.

मला स्पष्टीकरण नको आहे, खरं तर. मला एवढंच हवंय की कुणीतरी छातीठोकपणे सांगावं, ती आईच होती. कारण ती नसेल, तर मी माझ्याच डोक्यातला आवाज ऐकून आईला नळी नाकारली. हे घेऊन मी रोज सकाळी कामावर जातो. लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो तेव्हा खाली तेवढा वेळ बरं वाटतं, आवाज येत नाहीत म्हणून.

गेल्या आठवड्यात दुपारी ताईचा फोन आला. थेट माझ्या नंबरवर, इतक्या महिन्यांनी. कुकरची शिट्टी ऐकू आली तिच्याकडची.

मग म्हणाली, "संजू, तुला तो आवाज आला ना... ती दमलेली वाटत होती का रे?"

"नाही गं," मी लगेच म्हणालो. "अजिबात नाही. आपल्याला सांगायची तशीच. कामात होती."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ताई म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं झालं मग." आणि फोन ठेवला.

तिला मी ठाम सांगितलं, सांगायलाच हवं होतं. तुम्हाला मात्र खरं सांगतो. तिने विचारलं तेव्हा मी तो आवाज आठवायला गेलो आणि मला तो आठवेना. वाक्यं पाठ आहेत, शब्द न् शब्द पाठ आहे. पण कानात ते आता माझ्याच आवाजात येतात.