ताडपत्रीच्या गोदामात पंचवीस फेऱ्या

घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर नूरमहंमद आणि शरिफा यांचं ताडपत्रीचं दुकान आहे. गिऱ्हाईक सांभाळायचं नूरमहंमदनं आणि शिवण सगळी शरिफाची. टेम्पोची ताडपत्री असो, बैलाची झूल असो, तिच्या मशीनखालून गेलेला टाका उसवला असं कुणी म्हणालेलं आठवत नाही. वय शेहेचाळीस, अंगानं भरलेली, आवाज खणखणीत. गाव तिला शरिफाभाभी म्हणतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नगरच्या सावेडीतला एक जिमवाला, रविराज, तिच्याकडे आला. व्यायामासाठी वाळूच्या पिशव्या हव्या होत्या. आधी आणलेल्या दोन महिन्यांत फाटल्या होत्या. शरिफानं जाड कॅनव्हासच्या वीस पिशव्या दुहेरी शिवल्या, धरायला पट्टे लावले आणि दोघं नवरा-बायको टेम्पो घेऊन माल पोचवायला गेले.

जिममधली दोन पोरं एकेक पिशवी पोटाशी धरून, मागे रेलून, कशीबशी आत नेत होती. शरिफा बघत राहिली, मग तिला राहवेना. "असं धरलं तर कंबर जाईल," असं म्हणून ती गुडघ्यात वाकली, वीस किलोची पिशवी खांद्यावर टाकली, दुसरी काखेत मारली आणि चालत आत गेली. परत आली आणि अजून दोन नेल्या.

कोपऱ्यात पायाला पट्टी बांधत बसलेली एक मुलगी हे पाहत होती. ती निकिता, वय एकतीस, घोडेगावजवळच्याच एका गावाची तलाठी. रविराजनं फेब्रुवारीत एक शर्यत ठेवली होती. एका मोठ्या मंगल कार्यालयात, छपराखाली, सहा वेळा एकेक किलोमीटर पळायचं आणि दर पळण्यानंतर एक अंगमेहनतीचं काम करायचं. वजन ठेवलेली बिनचाकी घसरगाडी ढकलायची, ती दोरानं ओढायची, वल्ह्याचं मशीन मारायचं, दोन्ही हातांत वजनं घेऊन चालायचं, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघे टेकत पुढं जायचं, शेवटी जड चेंडू भिंतीवरच्या खुणेपर्यंत फेकायचा आणि झेलायचा. जोडीनं भाग घेता येत होता. पळायचं दोघांनी बरोबर, कामं वाटून घ्यायची. निकिताच्या जोडीदारणीची बदली झाली होती.

"भाभी, माझ्याबरोबर शर्यतीत उतराल का?" तिनं सरळ विचारलं.

शरिफा हसत सुटली. "मॅडम, मी शेवटची पळाले ती सातवीत. जामखेडला, शाळेत, कबड्डीत. आता रस्त्यानं पळाले तर लोकं म्हणतील, हिच्या घरात काय पेटलं का काय!"

"रस्त्यावर नाही, आतच पळायचंय. हॉलमध्ये."

त्यावर शरिफाचं हसू थांबलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नूरमहंमद टेम्पोची फळी लावत होता. तो म्हणाला, "माझ्याकडं काय बघतीस? दिवसभर मशीनवर बसून पाय सुजतात म्हणून तूच रडतीस. जा की."

दुकानामागं त्यांचं पत्र्याचं गोदाम होतं. ताडपत्रीचे गठ्ठे मधोमध रचले आणि कडेनं वाट मोकळी केली. निकितानं मोजायचा टेप लावला. एक फेरी चाळीस मीटरची भरली, म्हणजे किलोमीटरला पंचवीस. तलाठी कार्यालयातलं काम उरकलं की निकिता संध्याकाळी पाचच्या सुमारास स्कूटरवरून यायची. फेऱ्या मोजायचं काम नूरमहंमदकडे. तो गठ्ठ्यावर बसून ताडपत्रीला ठोकायच्या पितळी रिंगा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायचा. पंचवीस रिंगा संपल्या की डबा वाजवायचा.

पहिल्या दिवशी शरिफा, अंगावर सलवार-कमीज आणि पायात नवे बूट, अशी सुसाट सुटली की चौथ्या फेरीला मटकन खाली बसली.

"मॅडम, माझं काय खरं न्हाई."

"तुम्ही घाई करताय, भाभी. बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं. बोलणं थांबलं की समजायचं, वेग जास्त झाला."

"काय बोलू?"

"काहीही. तुमचं लग्न कसं झालं ते सांगा."

मग शरिफा सांगायला लागली. तिच्या लग्नाला सतरा फेऱ्या लागल्या. पुढच्या दिवशी जामखेडचं माहेर. वडील विहिरीच्या मोटा शिवायचे, त्यांच्या हाताखाली ती चामड्याला टाका घालायला शिकली. मग सातवीनंतर शाळा सुटली ती गोष्ट, ती तिनं दोन फेऱ्यांतच उरकली. मग पहिलं मशीन घेतलं त्या दिवशी नूरमहंमदनं गावभर पेढे वाटले ती गोष्ट. हे ऐकून गठ्ठ्यावरचा नूरमहंमद इतका खूश झाला की रिंगा मोजायच्या विसरला आणि दोघींना पाच फेऱ्या जास्त पडल्या. जानेवारी उजाडेपर्यंत शरिफा तीन किलोमीटर न थांबता बोलत होती. "मॅडम" जाऊन "निकिता" कधी झालं, दोघींनाही कळलं नाही.

गावात मात्र वेगळीच चर्चा. तलाठी रोज शरिफाच्या दारात का? शेजारची रंगुबाई एकदा हळूच म्हणाली, "भाभी, वावर घेताय व्हय कुठं? सातबाऱ्याचं काम आमचं बी अडलंय. एक शब्द टाका की."

"वावर न्हाई घेत, पळायला शिकतीय."

रंगुबाईनं डोळे मिचकावले. "सांगू नका, न्हाई सांगायचं तर."

पिशवी उचलायला शरिफानं निकिताला शिकवलं. "पाठीनं न्हाई, मांड्यांनी उचल. पिशवी अंगाला चिकटव." चेंडूनं मात्र शरिफाला रडकुंडीला आणलं. रविवारी जिममध्ये ती तो वर फेकायची आणि झेलताना डोळे मिटायची. एकदा नाकावर बसला. ती चेंडूशी अशी भांडली की सगळी जिम हसत होती.

शर्यतीच्या सकाळी मंगल कार्यालय ओळखू येईना. जेवणाच्या पंगतीच्या जागी हिरवा गालिचा अंथरला होता, स्टेजवर घड्याळ लावलं होतं. एकतीस जोड्या होत्या, बऱ्याचशा विशी-पंचविशीतल्या. शरिफा दारातच थांबली. "निकिता, आपून चुकून तर आलो न्हाई ना?"

"नाव आपलंच लिहिलंय, भाभी."

शिटी झाली. पहिल्या किलोमीटरला त्या सगळ्यांत मागं होत्या. मग घसरगाडी आली. शरिफानं दांड्यांवर छाती टेकवली आणि ती अशी रेटली, की त्यांनी एका दमात सहा जोड्या मागं टाकल्या. दोर ओढताना तर रविराज स्वतः बघायला येऊन उभा राहिला. पळताना पोरं-पोरी पुढं जायच्या, कामात या दोघी त्यांना गाठायच्या.

पाचव्या किलोमीटरला शरिफाच्या लक्षात आलं की निकिता बोलत नाहीये. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पोटरी धरली होती.

"माझ्या गोष्टी संपल्या," शरिफा म्हणाली. "आता तू सांग."

"नाही जमणार, भाभी…"

"चालत सांग."

चार पावलं चालून निकिता कशीबशी बोलायला लागली. "मला पहिला मुलगा बघायला आला ना… मी मागच्या दारानं पळाले. थेट एसटी स्टँडवर. तिथं बाकावर एक माणूस बसला होता, त्याला मी विचारलं, नगरची गाडी कधी आहे… तर तो नवऱ्या मुलाचा बापच निघाला. पत्ता विचारत थांबला होता."

"मग?"

"त्यांनी मला उसाचा रस पाजला. म्हणाले, बाळा, आमच्या पोरालाही हे लग्न नकोच आहे!"

शरिफाला इतकं हसू फुटलं की पंच वळून बघायला लागले. हसता हसता दोघी पुन्हा पळायला लागल्या होत्या.

शेवटी चेंडू. पन्नास फेकी निकिताच्या, पन्नास शरिफाच्या. शरिफाचे पहिले सात पंचानं मोजलेच नाहीत, खुणेच्या खाली लागले म्हणून. तिनं दात-ओठ खाल्ले, आठव्याला डोळे उघडे ठेवले आणि झेलला. मग एकेक करत पन्नास. शेवटचा लागला तशी ती गालिच्यावर आडवी झाली आणि निकिता तिच्यावर पडली. एक तास एकोणीस मिनिटं. एकतिसांत अठरावा नंबर. शर्यत पुरी केल्याचं पदक गळ्यात पडलं तेव्हा शरिफा रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

शर्यत कडेला उभं राहून पाहिलेला नूरमहंमद परतताना टेम्पो चालवत होता. गाव जवळ आल्यावर म्हणाला, "तिथं काही नवरा-बायकोच्या जोड्या बी होत्या, नव्हं?"

"हुत्या की. का?"

"काय न्हाई. असंच."

शरिफानं त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि तोंडावर ओढणी दाबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे पाय जिना उतरायला तयार नव्हते. कठड्याला धरून ती खाली आली तर गोदामातून धप धप आवाज येत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्याला रुमाल बांधून नूरमहंमद गठ्ठ्यांभोवती पळत होता. तिला पाहून तो दारातच थांबला, कमरेवर हात ठेवून धापा टाकत.

"किती झाल्या?" तिनं विचारलं.

"तीन," तो म्हणाला. "चहा ठेव."