चाचांचा शक

चिकलठाण्याच्या वर्कशॉपात मी टिकलो, ते आमच्या हेडफिटर चाचांमुळं. जुन्या, हवेवर थंड होणाऱ्या स्पोर्ट्स कारसाठी आम्ही जास्त ताकदीचं नवं इंजिन बनवत होतो. मी कसलेला प्रत्येक बोल्ट चाचा सैल करून पुन्हा कसायचे.

"भरोसा नाय का, चाचा?"

"माझ्यावर बी नाय, बेटा."

हे चाचाच मला एक दिवस घरी, चंद्रपूरला परत धाडणार, अशी धाकधूक असायची.

इंजिन पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी मालक माझ्यावर भडकले. "सातवीत शाळा सोडलेल्यानं सिलिंडरवरचं हेड बसवलं? काढून टाका याला!"

चाचा इंजिनला खेटून उभे राहिले. "रोज याच्या कामावर शक घेऊन तपासलंय मी. एक बोल्ट चुकला नाय त्याचा. मारा स्टार्टर."

इंजिन धडधडलं. मी राहिलो.

चाचांकडं कधी कुणी बोट दाखवलं, तर जामीन मी राहणार.